पितळेचा क

पुरुषांच्या जेवणमंडळाच्या स्वयंपाकघरात बायकांनी पाऊल टाकायचं नाही, हा आमच्या पोर्तुसार गावचा नियम चर्चच्या नियमांपेक्षा जास्त पाळला जातो. त्यामुळे ओलास्कोआगांच्या घरचं त्या दिवशीचं जेवण आन्चोन एकटाच रांधत होता, आणि त्याची बहीण एदुर्ने बाहेरच्या लांब टेबलाशी बसून नुसत्या वासावरून चुका काढत होती.

"लसूण करपतोय."

"करपत नाही, लाल होतोय," आतून आवाज आला.

"माझं नाक खोटं बोलतं का?"

"नाकाला आत यायची मुभा आहे. बाकीच्या तुला नाही."

एदुर्नेने नवऱ्याकडे पाहिलं. केपा चाकोलीची बाटली डोक्यावर धरून खालच्या पेल्यात धार सोडत होता आणि अर्धी टेबलावर सांडत होता. केपा इतुर्बेचा, म्हणजे खाडीपलीकडच्या गावचा. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली तरी आमचं गाव त्याला अजून 'इतुर्बेचा जावई' म्हणतं, आणि वाइन सांडली की 'इतुर्बेचं वळण' म्हणतं.

निमित्त असं होतं. दुसऱ्या दिवशी सान पेद्रोचा सण. मिरवणूक संपली की ओलास्कोआगांचं घर, बालेनेआ, 'देवमाशाचं घर' म्हणून गावाला आणि गावाबाहेरच्यांना उघडायचं होतं. खालचा मजला नगरपालिकेने संग्रहालयासाठी घेतला होता, वरच्या चार खोल्या एदुर्ने पाहुण्यांना देणार होती. तिने खोल्यांना नावंही ठेवली होती: भाला, शेपटी, चोमिन आणि तेल. 'तेल' खोलीला अजून कोणी गिऱ्हाईक मिळालं नव्हतं.

पोर्तुसारमध्ये आता देवमासा सोडून सगळं देवमाशाचं आहे. टेकडीवरच्या ज्या बुरुजातून आमचे पूर्वज समुद्रावर नजर ठेवायचे आणि फवारा दिसला की ओलं गवत पेटवून धूर करायचे, त्या बुरुजात आता देवमाशाच्या आकाराच्या किल्लीच्या साखळ्या मिळतात. बेकरीत देवमाशाच्या आकाराचा केक मिळतो. तो बटाट्यासारखा दिसतो, पण चवीला बरा असतो. या सगळ्याच्या मुळाशी एक चोमिन ओलास्कोआगा आणि एक दगड आहे.

दगड बालेनेआच्या दारावर आहे. त्यावर एकोणीसशे तीन साल आणि चार शब्द कोरलेले आहेत: बालेआ चोमिन इल सुएन. शब्दाला शब्द ठेवला तर, देवमासा चोमिन मारला. कोणी कोणाला, ते दगड सांगत नाही. आमच्या बास्क भाषेत जो करतो त्याच्या नावाच्या शेवटी 'क' लागतो, मराठीत 'ने' लागतो तसा. कोरणाऱ्याने तो खाल्ला. ओलास्कोआगांनी चार पिढ्या तो मनातल्या मनात चोमिनला लावला: चोमिनने देवमासा मारला, या किनाऱ्यावरचा शेवटचा. इतुर्बेवाले म्हणतात शेवटचा त्यांनी मारला. पण इतुर्बेवाले पुष्कळ काही म्हणतात.

नगरपालिकेला मनातल्या मनात लावलेला 'क' चालेना. दगडाखाली पितळी अक्षरांची पाटी बसवायची ठरली आणि भाषेच्या पंडितांना विचारलं गेलं. पंडितांनी कळवलं की 'क' हवाच, पण कोणाला लावायचा ते व्याकरण सांगू शकत नाही, इतिहासाला विचारा. इतिहासाला विचारायला वेळ नव्हता. म्हणून पाटी चार शब्दांची आली, दोन नावांपुढे जागा मोकळी सोडून, आणि सोबत सुटी अक्षरं. देवमाशाला लावायचा तर नुसता K पुरतो. चोमिनचं नाव व्यंजनावर संपतं, त्याला EK लागतं. दोन्ही अक्षरं स्क्रूंसकट एका कापडी पिशवीत होती आणि पिशवी आन्चोनच्या मुलीच्या, नाइयाच्या, पर्समध्ये होती. नाइया नगरपालिकेच्या संस्कृती विभागात नोकरीला. साहेबीणबाई ओयाना तिला म्हणाल्या होत्या, "घर तुमचं, चोमिन तुमचा. घरच्यांना विचार आणि उद्या सकाळी बसवून टाक."

नाइयाने पिशवी टेबलावर ठेवली.

"यात विचारायचं काय आहे?" एदुर्ने म्हणाली. "मी खोलीला चोमिन नाव दिलंय. मेलेल्या माणसाच्या खोलीत कोण झोपेल?"

"सगळेच चोमिन मेलेत, आत्या. शंभर वर्षं झाली."

"तसा मेलेला वेगळा आणि माशाने मारलेला वेगळा."

"नको असेल तर आमच्या इतुर्बेला द्या तो 'क'," केपा म्हणाला. "आमच्याकडे जागा आहे."

"तू वाइन ओत," एदुर्ने म्हणाली. "पेल्यात."

आत आन्चोन पातेलं हलवत होता. बाकालाओचा पिल-पिल चमच्याने ढवळायचा नसतो. कॉडचे तुकडे कोमट तेलात ठेवायचे आणि पातेलं दोन्ही हातांनी गोल गोल फिरवत राहायचं, म्हणजे माशातला चीक तेलात उतरून रस्सा दाट होतो. थांबलात की फुटतो. आन्चोन हे काम करताना नेहमी मोठे विचार करत असे. आज तो उद्याच्या भाषणाचा विचार करत होता. 'आठ' या शब्दावर थोडं थांबायचं, असं त्याने ठरवलं होतं. त्याची आठही आडनावं बास्क होती, आईकडची, बापाकडची, त्यांच्या आईकडची, बापाकडची. डबाबंद अँचोवीच्या त्याच्या कारखान्यात प्रत्येक डब्यावर चोमिनचं चित्र होतं, हातात भाला, हनुवटी वर. चोमिनचा फोटो कोणाकडेच नसल्यामुळे चित्रकारासमोर आन्चोन स्वतःच उभा राहिला होता.

एकच दुखरी जागा होती. तो लहान असताना शाळेत बास्क बोललं की हातावर पट्टी बसायची, त्यामुळे भाषा तो चाळिशीत संध्याकाळच्या वर्गात शिकला. शांत असला की बोलायचा छान. चिडला की त्याचा 'क' गळायचा.

"बाबा," नाइयाने बाहेरून विचारलं, "तुम्ही काय म्हणता? चोमिनलाच ना?"

"आणि कोणाला? लाव आणि मोकळी हो."

"नको लावू," असं कोणीतरी म्हणालं.

टेबलाच्या टोकाला बिशेंता आत्या बसली होती. आन्चोनच्या बापाची बहीण, सत्त्याऐंशी वर्षांची, सोयीप्रमाणे बहिरी. घरच्या जेवणात ती सहसा दोनच वाक्यं बोलायची: मीठ कमी आहे, आणि मला घरी सोडा. तिसरं वाक्य ऐकून केपाची धार टेबलक्लॉथवर गेली.

"काय नको लावू, आत्याआजी?" नाइयाने विचारलं.

"तो 'क' चोमिनला नको लावू. चोमिनने माशी पण मारली नाही. देवमाशाने चोमिनला मारलं. शेपटीचा एकच फटका, होडीचे दोन तुकडे. मासा म्हातारा होता, दोन दिवसांनी वाळूवर येऊन आपला आपण मेला. जबडा मिळाला, चोमिन नाही मिळाला."

एदुर्नेला प्रथम सुटकेसारखं वाटलं, कारण ही गोष्ट सरळ चुकीची होती. "आत्या, चोमिन दोन वर्षांनी वादळात गेला. एकोणीसशे पाचला. आजोबा त्याच वर्षी जन्मले."

"कुठलं वादळ? त्या वर्षी शीड फुगेल एवढासुद्धा वारा नव्हता. माणसं पाच वाजता होड्या वल्हवत घरी यायची." आत्याने पावाचा तुकडा मोडला. "वादळ काट्टालिनने आणलं. माझ्या आजीने. पोटात पोर होतं आणि नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती, मग वादळ नको का यायला? पाद्रीबाबांनी पण दोन वर्षांपूर्वीच्या मेलेल्यासाठी ताजी प्रार्थना म्हटली. भला माणूस होता."

स्वयंपाकघरातला पातेल्याचा आवाज बदलला. मग आन्चोन दारात आला. ॲप्रन बांधलेला, दोन्ही हातांत पातेलं, आणि हात अजून गोल गोल फिरतच होते.

"पोर कोणाचं होतं?" त्याने विचारलं.

"तुला माहीत आहे. प्रत्येक फोटोत आहे तो. मागच्या रांगेत, टोपी हातात धरून."

मागच्या रांगेत टोपीवाला एकच होता. त्याला घरात 'पाहुणा' म्हणत. एलेउतेरिओ नावाचा पाथरवट, सामोराकडचा, म्हणजे बास्क मुलखाबाहेरचा, धक्क्याच्या बांधकामावर आला आणि बालेनेआच्या माळ्यावर भाड्याने राहिला. चाळीस वर्षं राहिला. इतकी वर्षं पाहुणा का राहिला, असं ओलास्कोआगांपैकी कोणाच्या मनात आलं नाही. घरातल्या माणसांना घरातलं दिसत नाही.

"दगड त्यानेच कोरला," आत्या म्हणाली. "आजी विधवा झाली तेव्हा तिने त्याला वाक्य सांगितलं, देवमाशाने चोमिनला मारलं. तोंडी. त्याला बास्क कुठलं येतंय? त्याला 'क' ऐकूच यायचा नाही, शेवटपर्यंत. त्याने कोरलं, देवमासा चोमिन मारला. आजी भांडायला गेली. दगडावर आता जागा नाही, म्हणाला. ती दुसऱ्या दिवशी परत भांडायला गेली. तिसऱ्या दिवशी पण गेली. पुढचं मला कोणी सांगितलं नाही, पण माझे वडील झाले."

केपाला हसू आलं आणि ते त्याने खोकल्यात घातलं. ते कोणालाच फसवू शकलं नाही.

आन्चोनच्या मनात त्या वेळी काय आलं ते सांगायला त्याला नंतर लाज वाटायची. त्याला आधी आडनावं आठवली. आठ होती. मग सहा? की सातच? हिशेब लागेना. त्याला कळलं तेव्हा त्याचे हात थांबलेले होते, आणि पातेल्यात तेल एकीकडे आणि पाणी एकीकडे झालं होतं.

"माझा बाप हे घर राखलं," तो म्हणाला. आवाज चढला होता. "माझा आजा हे गाव वाचवलं. आणि आत्या एका मिनिटात सगळं धुळीला मिळवलं."

"बापाने," नाइया हळूच म्हणाली. "आजोबांनी. आत्याने."

"माझं व्याकरण काढू नकोस!"

"बघा," बिशेंता आत्या म्हणाली. "हुबेहूब एलेउतेरिओ."

"मला शाळेत मारलं म्हणून तसं होतं, आत्या. भाषा काही रक्तातून येत नाही."

"नाही येत? मग आडनावं कशातून येतात?"

 पुढच्या अर्ध्या तासात टेबलावरचे पक्ष तीनदा बदलले. एदुर्ने आधी भावाच्या बाजूला गेली, मग तिच्या लक्षात आलं की पाथरवट आणि विधवा ही गोष्ट पाहुण्यांना देवमाशापेक्षा जास्त आवडेल, आणि 'तेल' खोलीचं नाव 'पाहुणा' करता येईल. केपा इतुर्बेच्या बाजूला होता तो तिथेच राहिला. म्हणाला, "म्हणजे शेवटचा आमचाच," आणि त्याला बाटली ठेवायला सांगण्यात आलं. नाइया कोणाच्याच बाजूला नव्हती. पाटीवर खाली तिचं नाव येणार होतं. खोटा 'क' तिच्या हातून बसणार नव्हता, आणि खरा बसवला तर बापाला उद्या सगळ्या गावासमोर उभं राहून, मी कोणाचा कोण, ते सांगावं लागणार होतं. दोन्हींत तिचं तोंड काळंच होत होतं.

"आत्याआजी, आजवर का नाही बोललात?"

"दगड खोटं बोलत नव्हता. नुसता गप्प होता, मग मी पण गप्प होते. उद्यापासून तो पितळेत खोटं बोलणार." तिने आन्चोनकडे पाहिलं. "एलेउतेरिओने मला लाकडाच्या होड्या करून दिल्या. माझ्या केसांच्या वेण्या घालायचा, दगडाची बोटं होती पण दुखायचं नाही. मी आजोबा म्हटलं की आजी चिमटा काढायची. 'पाहुणे म्हण.' तो हसायचा. त्याला दुखायचं, मला दिसायचं. दफनभूमीत तो कोपऱ्यात आहे, आपल्या थडग्यापासून लांब, कारण पाहुणा."

आन्चोनने टेबलावरची कापडी पिशवी उचलून ॲप्रनच्या खिशात टाकली. "रस्सा फुटला," तो म्हणाला. "जेवण होणार नाही. पाव आणि चीज खा."

"मीठ तरी आणून दे," बिशेंता आत्या म्हणाली.

*

सान पेद्रोच्या दिवशी ऊन पडलं होतं, ही आमच्याकडे बातमी असते. मिरवणूक धक्क्यावरून आली, पुढे संताची मूर्ती, मागे बँड, त्यामागे देवमाशाचा केक विकणारे. बालेनेआसमोर व्यासपीठ होतं. पाटी बसवलेली होती आणि तिच्यावर गावाचा झेंडा होता. झेंड्यावरही देवमासा आहे.

नाइया सकाळी सहापासून बापाला शोधत होती. तो कारखान्यात नव्हता, मंडळात नव्हता. पिशवी त्याच्याकडे होती. झेंड्याखाली दोन्ही जागा मोकळ्या होत्या हे तिच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. तो आला तो थेट व्यासपीठावर, नव्या सुटात. बुटांना माती लागली होती. धक्क्यावर माती नाही आणि चर्चमध्ये नाही. ती फक्त दफनभूमीच्या कोपऱ्यात असते. पण हे तिला तेव्हा सुचलं नाही.

ओयानाबाई प्रथम बोलल्या. वारसा हा शब्द त्यांनी इतक्या वेळा म्हटला की बँडवाल्यांपैकी एकाने झांज वाजवून टाकली. मग आन्चोन उठला. त्याने कागद काढला, चष्मा लावला आणि सुरुवात छान केली. बुरूज आला, धूर आला, थंड समुद्र आला. 'आठ' आलं तेव्हा तो थांबला, पण ठरवलेला थांबा लांबला. गर्दीला वाटलं, भरून आलं असेल.

"आणि एकोणीसशे तीन साली," तो म्हणाला, आणि आवाज चढायला लागला, "या दारातून निघून, जिवाची पर्वा न करता, चोमिन देवमासा मारला."

गर्दीत खसखस पिकली. आमच्या गावाला आन्चोनचा 'क' माहीत आहे.

"कोणी कोणाला?" मागून कोणीतरी ओरडलं. आवाज इतुर्बेचा होता.

आन्चोनने चष्मा काढला. कागदाची घडी घातली. पुढच्या रांगेत, खुर्चीत, बिशेंता आत्या बसली होती, आणि आज ती मुळीच बहिरी नव्हती.

"माहीत नाही," तो म्हणाला. "म्हणजे माहीत आहे. देवमाशाने चोमिनला. पण ते सोडा. मला हा 'क' जमत नाही. शाळेने मारला म्हणून जमत नाही असं मी चाळीस... असं मी नेहमी सांगत आलो. ते खरं आहे. पण माझ्या घरात माझ्या आधी एक माणूस होता, त्यालाही जमला नाही. त्याने हा दगड कोरला. मी त्याचा पणतू आहे."

 मग ओयानाबाईंनी घाबरून झेंड्याची दोरी ओढली, आणि पाटी उघडी पडली. बालेआ चोमिन इल सुएन. दोन मोकळ्या जागा, जशी दगडावर तशी पाटीवर चूक, पण आता पितळेत.

"'क' कुठे आहे?" ओयानाबाई कुजबुजल्या.

"कोणाला लावू?" आन्चोनने पिशवी वर धरून आत्यालाच विचारलं. सगळ्या गावासमोर. "आत्या, तू सांग."

बिशेंता आत्याला उठायला वेळ लागला. नाइयाने हात दिला.

"'क' जो करतो त्याला लागतो," ती म्हणाली.  "चोमिनने काय केलं? होडीत उभा राहिला. देवमाशाने काय केलं? शेपटी हलवली. ही भिंत, हे दार, तुझा आजोबा, मी, तू, हे कोणी केलं?"

पाटीखाली भिंतीचा मोकळा दगड होता. आन्चोनने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. त्याअर्थी तो तयारीनेच आला होता, पण हे त्याने कधी कबूल केलं नाही. डाव्या बाजूला, दगडांच्या सांध्यातल्या मऊ चुन्यात, त्याने E बसवला, हातभर अंतर सोडून K. मधली अक्षरं नव्हती. देवमाशाची चित्रं काढत बसलेल्या पोरींकडून नाइयाने खडू मागून आणला, आणि आन्चोनने स्वतः स्टुलावर चढून मधलं लिहिलं. त्याखाली, पुन्हा खडूने, 'एगिन सुएन', केलं. पूर्ण वाचलं की होतं: एलेउतेरिओक केलं. एलेउतेरिओने केलं.

बिशेंता आत्याने हात लावून पाहिलं. "आजोबा," ती म्हणाली, आणि मग कुणी चिमटा काढतंय का असं सवयीने मागे बघून पुन्हा म्हणाली, "आजोबा." आन्चोन स्टुलावरून उतरेना. तो रडत होता आणि त्याला ते गर्दीकडे पाठ करून करायचं होतं.

गावाचं म्हणाल तर गाव सावरलं. 'पाहुणा' खोली पुढच्या सबंध मोसमासाठी भरली. इतुर्बेने महिन्याभरात स्वतःची पाटी लावली, 'क' सकट, आणि ती सरळ करताना दोनदा पडली. आन्चोनच्या डब्यांवर चोमिन अजून आहे, पण हनुवटी आन्चोनचीच आहे, म्हणून कोणी बदलायला सांगत नाही.

आमच्याकडे पाऊस थांबत नाही, त्यामुळे खडू आठवडाभर टिकत नाही. मधलं सगळं वाहून जातं आणि भिंतीवर नुसतं E आणि K उरतं. नवे आलेले पाहुणे वाटाड्याला विचारतात याचा अर्थ काय, आणि वाटाड्या दर वेळी वेगळा सांगतो. म्हणून दर रविवारी प्रार्थनेआधी कारखान्याचे मालक आन्चोन ओलास्कोआगा, आडनावं सात, स्टूल घेऊन येतात आणि मधली अक्षरं पुन्हा लिहितात. बिशेंता आत्या खाली खुर्चीत बसून लक्ष ठेवते.

"'क' विसरला नाहीस ना?"

"विसरायची सोयच नाही, आत्या. तो स्क्रूने बसवलाय."